मेसचं कार्ड, खाडे आणि तीन महिन्यांचा ॲडव्हान्स

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, कर्वेनगर, धनकवडी या भागांत विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या लागतात: ‘घरगुती मेस, दोन वेळचं जेवण, रविवारी फीस्ट’. यातल्या बऱ्याच मेस खरंच चांगल्या असतात. वर्षानुवर्षं तीच काकू, तीच आमटी, आणि मेंबर आजारी पडला तर खोलीवर मऊ भात पाठवणारी माणसं. हा मजकूर बाकीच्यांबद्दल आहे. त्यांचं सगळं गणित पहिल्या वर्षाच्या पोरांवर बेतलेलं असतं, कारण दुसऱ्या वर्षाची पोरं त्यांच्या दारात फिरकत नाहीत.

मुलगा लातूरचा असो की जळगावचा, मेस ठरते ती खोली मिळते त्याच दिवशी. गादी, बादली, खोलीचं डिपॉझिट यात दिवस गेलेला असतो, रात्रीची एसटी गाठायची असते आणि पोराच्या जेवणाची सोय लागल्याशिवाय आईचा पाय निघत नाही. मेसवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. भाव समजा महिन्याला ३,६०० रुपये. तो सांगतो, तीन महिन्यांचे एकदम भरा, १०,८०० ऐवजी ९,००० घेतो. डब्याचं डिपॉझिट ५०० वेगळं. वर “जागा भरत आल्यात, उद्या हा भाव राहणार नाही.” बाप खिशातून पैसे काढतो, मेसवाला कार्डावर नाव लिहितो. पावती? “कार्ड हीच पावती, काका.”

पहिले पंधरा दिवस तक्रारीला जागाच नसते. पोळ्या गरम, वरण घट्ट, बुधवारी अंडाकरी. पोरं स्वतःहून वर्गातल्या चौघांना घेऊन येतात आणि तेही तीन महिन्यांचे भरतात. हे पंधरा दिवस ही मेसवाल्याची जाहिरात असते. प्रवेश संपले, नवीन मेंबर यायचे थांबले की वरण पातळ होतं. गणपतीच्या सुमारास पोळ्या करणारी मावशी ‘गावाला जाते’ आणि बाहेरून आणलेल्या, कडा वाळलेल्या पोळ्या येऊ लागतात. मग एखाद्या संध्याकाळी शटर खाली. ‘गॅस संपला, उद्या सुरू’ अशी चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी फोन बंद.

शटर चाळिसाव्या दिवशी पडलं असं धरा. ९,००० रुपयांत ९० दिवस, म्हणजे दिवसाला १००. पन्नास दिवसांचे ५,००० गेले, डिपॉझिटचे ५०० गेले. १,८०० वाचवायला निघालेल्याचे साडेपाच हजार बुडाले. मेसचं भाडं, किराणा, गॅस, पगार सगळं महिन्याच्या महिन्याला चालतं. तीन महिन्यांचे पैसे आधी मागणारा बहुतेक वेळा मागची उधारी तुमच्या पैशांतून फेडत असतो. त्याची नियत खोटी असेलच असं नाही, पण पैसे बुडायचे ते बुडतातच.

दुसरा प्रकार जास्त सफाईचा. दिवाळीच्या सुट्टीहून परत आलात की पाटी तीच, गल्ल्यावर माणूस वेगळा. “आम्ही मेस चालवायला घेतली, जुनी कार्डं चालणार नाहीत, आधीच्या मालकाशी बोला.” आधीच्या मालकाचं पूर्ण नाव कुणालाच माहीत नसतं, कारण सगळे त्याला ‘दादा’ म्हणत होते. पैसे क्यूआरवर दिले होते, पण क्यूआर कुणाच्या तरी मेहुण्याच्या नावाचा. म्हणून पैसे पाठवण्याआधी ॲपवर जे नाव दिसतं ते मोठ्याने वाचा आणि विचारा, हे कोण? नाव मेसचं किंवा समोरच्या माणसाचं नसेल तर पैसे पाठवू नका. पाठवलेत तर नोंदीच्या रकान्यात ‘ऑगस्ट मेस, मेंबर क्र. ४२’ असं लिहा. पुढे वाद झाला तर हे पैसे कशाचे, हे सांगणारी तेवढी एकच ओळ तुमच्या हातात असते. रोखीवर शंभर रुपये सूट देणाऱ्याला आपण शंभर रुपयांत पुरावा विकतो आहोत, हे ध्यानात घ्या.

मेस बंद पडली नाही तरी कार्डावरच्या बारीक अक्षरांत पैसे जातातच. कार्ड नीट बघा. गुलाबी किंवा पिवळा पुठ्ठा, पुढे साठ चौकोन, जेवलात की त्यातल्या एकावर पेनाची तिरकी रेघ. मागे नियम: ‘रविवारी संध्याकाळी मेस बंद. सणाच्या दिवशी बंद. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत. खाड्याची सूचना एक दिवस आधी. पैसे परत मिळणार नाहीत. मुदत तीस दिवस.’ खाडा म्हणजे न जेवलेला दिवस.

३,६०० भागिले साठ म्हणजे ताट ६० रुपयांना, असं आपण धरतो. आता खोडत चला. रविवारच्या चार संध्याकाळी गेल्या, उरली ५६. सणाच्या एका दिवसाची दोन, ५४. महिन्यातून दोनदा शनिवारी सकाळीच गावी गेलात तर शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवारची दुपार, असे दर खेपेला तीन ताटं. दोन खेपांचे सहा. सलग तीन दिवस भरत नाहीत म्हणून खाडे धरले जात नाहीत. उरली ४८. प्रॅक्टिकल अडीचपर्यंत लांबलं आणि मेस अडीचला बंद, असं महिन्यात चारदा तरी होतंच. उरली ४४. ताट पडलं जवळपास ८२ रुपयांना. त्याच मेसमध्ये सुटी थाळी ९० ला असेल तर महिनाभर बांधून घेऊन वाचवलं काय? ताटाला आठ रुपये.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलाला मुदतीच्या कार्डापेक्षा कूपन बरं. तीस कूपनं, मुदत निदान ४५ दिवस, न वापरलेली पुढच्या महिन्यात चालणार, हे लेखी. कूपन देत नसतील तर खाडा एका दिवसाचाही धरणार का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर ‘बघू’ आलं तर ते ‘नाही’ असतं. कॉलेजचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय तर महिना बांधूच नका. आणि ग्रुपवर ‘गावी चाललोय, कार्ड अर्ध्या किमतीत देतो’ असं कुणी टाकलं तर घेऊ नका. बहुतेक कार्डं दुसऱ्याच्या नावावर चालत नाहीत, आणि विकणारा ते सांगत नाही.

आता ताटाकडे. इथली लबाडी पोट भरलेलं असतानाच होते, त्यामुळे कळत नाही. ‘अनलिमिटेड’मध्ये पोळी उशिरा येते. दोन पोळ्यांनंतर तिसरीसाठी सात-आठ मिनिटं बसावं लागतं, भाताचं पातेलं मात्र समोरच असतं. पोरगं कंटाळून भात घेतं. भात स्वस्त, पोळीला हात लागतात, हे त्यामागचं कारण. भाजीत बटाटा रोज: बटाटा-वांगं, बटाटा-फ्लॉवर, बटाटा-मटार, उपासाला बटाटा. वरण वाटीत ओतल्यावर वाटीचा तळ दिसत असेल तर ते डाळीचं पाणी आहे. घट्ट वरणाच्या वाटीत साधारण ३० ग्रॅम तूरडाळ असते, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पातळ वाटीत डाळ दहा ग्रॅम असली तरी नशीब. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातलेला असेल तर ब-१ जीवनसत्त्व नासतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० कॅलरींचं दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, कडधान्य-डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. मेसच्या दोन ताटांत धान्य आणि तेल याहून जास्तच मिळतं, बाकी सगळं कमी पडतं. ही तूट खोलीवरच भरून काढावी लागते, चांगल्या मेसमध्येसुद्धा. अर्धा लिटर दूध (१६ ग्रॅम प्रथिनं), मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅमला साडेसात), पन्नास ग्रॅम फुटाणे (दहा), अंडी खात असाल तर दोन (बारा). रात्री वाटीभर मूग भिजत घातले तर सकाळी शेगडी लागत नाही. लिंबू, मीठ, कांदा पुरे. मुलींना लोहाची गरज मुलांपेक्षा जास्त, दिवसाला २९ मिलिग्रॅम. तेव्हा जेवणाबरोबर लिंबाची फोड किंवा पेरू, आणि जेवण झाल्या झाल्या टपरीवरचा चहा नको, तासभर थांबा. या सगळ्याचा खर्च मेसच्या पैशांत धरूनच महिन्याचा आकडा ठरवा, नाहीतर १५ तारखेनंतर रात्रीचं जेवण म्हणजे वडापाव होतो.

मेस पारखायची तर रविवारच्या फीस्टला जाऊ नका. त्या दिवशी सगळ्यांचंच जेवण छान असतं. सुटी थाळी घ्या सोमवारी दुपारी पावणेदोनला, गर्दी ओसरल्यावर, आणि गुरुवारी रात्री. दोन्ही वेळा तेच वरण आणि तीच पोळी आली तर पुढे बोला. हात धुवायच्या निमित्ताने मागे डोकावा. ताटं एकाच गढूळ टबात बुचकळून निघतायत का? दुपारचा भात झाकून ओट्यावर तसाच आहे का? शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्री फोडणीचा भात आणि मध्यरात्री उलट्या, याचं कारण बहुधा हेच. पनीर स्टार्चचं आहे का हे आयोडिनच्या थेंबाने कळतं, निळं-काळं होतं. पण पामतेलाचं, स्टार्च नसलेलं नकली पनीर या चाचणीतून सुटतं, तेव्हा थेंब रंगला नाही म्हणून खात्री धरू नका.

भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक हवा. छोट्या मेसची नोंदणी असली तर तो २ ने सुरू होतो. या प्राधिकरणाच्या फॉसकॉस (FoSCoS) या नोंदणीच्या संकेतस्थळावर तो टाका आणि नाव-पत्ता जुळतो का ते पाहा. मालक बदलला की नोंदणीही नवीन घ्यावी लागते, त्यामुळे ‘दादा’चं खरं नाव तिथेच सापडतं. शेवटी दारातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा. तिथे सगळे पहिल्या वर्षाचेच दिसले तर तेच उत्तर समजा.

ऑनलाइन डबा ठरवताना वेगळाच सापळा असतो. ‘ट्रायल डब्याचे पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हटलं की थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला नंतर.

आणि शटर पडलंच तर? मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. मेन्यूचे, भावाचे, सूचनांचे सगळे मेसेज तिथेच आहेत. आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण ॲडमिन मेसेज उडवायला लागतो. कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग मेंबरांची यादी: कुणी, कधी, किती भरले, किती दिवस जेवले, यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक. मालकाला लेखी मेसेज पाठवा, रक्कम आणि सात दिवसांची मुदत घालून. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. अनेकांची एकच तक्रार आयोगाच्या परवानगीने करता येते. अन्नातून त्रास झाला असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) क्रमांक १८००-२२२-३६५, आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवा.

बरेच जण एकदमच बुडाले असतील तर यादी घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. ‘हा दिवाणी मामला’ असं सांगून परत पाठवतील. अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नका. पण त्याआधी, शटर पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जागेच्या मालकाला गाठा. मेसवाल्याचा भाडेकरार त्याच्याकडे असतो, खरं नाव आणि गावचा पत्ता त्यात असतो, आणि बहुतेक वेळा मेसवाल्याचं डिपॉझिट अजून त्याच्याच हातात असतं. ते परत घ्यायला मेसवाला येणार असतो.