फॅमिली प्लॅन: सहा जागा, एक कार्ड आणि कंपनीच्या मनातलं कुटुंब

स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचा फॅमिली प्लॅन, म्हणजे एकाच वर्गणीत अनेकांची सोय, सहा जणांना चालतो, पण सगळ्यांचा राहता पत्ता एकच हवा. यूट्यूब प्रीमियमचीही तीच अट. नेटफ्लिक्सने तर २०२३पासून टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून ‘घर’ ठरवायला घेतलं. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मरडॉकची कुटुंबाची १९४९ची व्याख्या शिकवतात: एकत्र निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजनन. कंपन्यांनी तिसरी अट सोडून दिली, पहिल्या दोन उचलल्या. निवासासाठी पत्ता, सहकार्यासाठी एकाचं कार्ड.

गोची इथेच आहे, कारण घर आणि कुटुंब एक नव्हे. वसतिगृहात राहणारी मुलगी कुटुंबात आहे, घरात नाही. एका फ्लॅटमधले चार मित्र घरात आहेत, कुटुंबात नाहीत. पत्त्याच्या अटीत मित्र बिनबोभाट बसतात, मुलगी अडकते. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मॉर्गनने १९९६मध्ये मांडलं की कुटुंब रोजच्या कृतींतून घडतं. त्या हिशेबाने ‘आई, ओटीपी आलाय का बघ’ हा फोनही कुटुंबच घडवतो; प्लॅनच्या नियमांना मात्र तो दिसत नाही.

वाटणीत गूगल वनची, म्हणजे गूगलच्या विकतच्या ऑनलाइन साठ्याची, पद्धत सगळ्यांत समजूतदार. प्रत्येकाची स्वतःची १५ जीबी आधी वापरली जाते, मग सामायिक साठ्याला हात लागतो. कोणाची किती जागा भरली ते दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. धोका बाहेर पडताना. कुटुंबाचा गट सोडणारा पुन्हा १५ जीबीवर येतो. त्याचं सामान ६० जीबी असेल तर फोटो चढणं थांबतं, ईमेल येणंही बंद होऊ शकतं. सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं तर साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. म्हणून आधी सामान उतरवा, मग गट सोडा. नवा गट धरण्याची मुभाही १२ महिन्यांतून एकदाच आहे, तेव्हा रागाच्या भरात बटण दाबू नये.

आता कार्डवाल्याकडे, म्हणजे सगळ्यांचे पैसे भरणाऱ्याकडे. ॲपल त्याला ऑर्गनायझर म्हणतं, गूगल मॅनेजर. मराठीत सरळ कर्ता. ॲपलची सामायिक खरेदी चालू असेल तर मोठ्या सभासदांच्या ॲपचे पैसेही कर्त्याच्या कार्डावर पडू शकतात. ते नको असेल तर तेवढीच सोय बंद करता येते, बाकीचं शेअरिंग चालू राहतं. मुलांच्या खरेदीला परवानगीची अट ठेवता येते आणि २४ तासांत उत्तर दिलं नाही तर विनंती आपोआप रद्द होते.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजरने २०१९मध्ये घरातल्या डोक्याच्या कामाचे चार टप्पे सांगितले: गरज हेरणं, पर्याय शोधणं, ठरवणं, लक्ष ठेवणं. पहिला आणि शेवटचा बायकांच्या वाट्याला जास्त येतो, हे तिचं निरीक्षण. परवानगीचं बटण म्हणजे फक्त तिसरा टप्पा. हे ॲप वयाला योग्य आहे का, वर्गणी कधी संपते, पासवर्ड कोण विसरलं, हे सगळं बटणाबाहेर राहतं. निदान परवानगी देण्याचं काम तरी वाटून घ्या: दुसऱ्या प्रौढाला पालकाचे अधिकार द्या, ही सोय ॲपल आणि गूगल दोन्हीकडे आहे.

आईवडील वेगळे राहत असतील तर अडचण जास्त. मूल एका वेळी एकाच गटात राहू शकतं. ॲपलमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला नुसतं काढता येत नाही, दुसऱ्या गटात हलवावं लागतं. दोन घरांतलं बालपण या रचनेत धरलेलंच नाही, आणि माझ्या मते या सेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

एका छपराखाली तिघे किंवा जास्त असाल तर फॅमिली प्लॅन जरूर घ्या. दोघांसाठी आधी दोघांचा वेगळा प्लॅन आहे का ते बघा. मुलांचं खातं उघडताना जन्मतारीख खरी टाका. पुढचे वयानुसारचे निर्बंध तिच्यावरच चालतात.