जुन्या आउटबोर्डवर चार गेजचा किट: साडेतीन स्टार, आणि ते पण मी शांत झाल्यावर

पहिल्या रविवारी मी या किटला एकच स्टार देणार होतो, मोबाइल हातात घेऊन टाइप करायला पण लागलो होतो. बायको म्हणाली आधी आंघोळ करून ये मग लिही. बरं झालं थांबलो, कारण निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या असत्या.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर, आणि गेज म्हणजे डॅशवरचे मीटर. माझी मोटर जुनी आहे, ७० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर. डॅशवरचे जुने मीटर उन्हाने पिवळे पडलेले, आत पाणी जाऊन गंजलेले, टॅकोमीटरचा (मोटरचे मिनिटाला किती फेरे, म्हणजे आरपीएम, ते दाखवणारा) काटा तर मोटर बंद असली तरी २००० वर पडून असायचा. म्हणून हा सेट घेतला, टॅक, व्होल्टमीटर, फ्युएल आणि वॉटर प्रेशर. टॅकचं भोक ८५ मिलिमीटर आणि बाकी तिघांचं ५२, त्यामुळे डॅश कापायची भानगड नाही, जुने काढले नवे बसवले. काच छान आहे, आकडे मोठे, उन्हात पण दिसतात.

आता वायरिंग. बॉक्सवर लिहिलंय की सगळ्या आउटबोर्डना चालतो, आणि आत काय तर एक पानभर कागद, त्यावर चार गोल आणि बाणच बाण. बोटीत साधारण रंग ठरलेले असतात, जांभळी म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा करंट, काळी निगेटिव्ह, राखाडी टॅकची, गुलाबी फ्युएल सेंडरची (टाकीतलं पेट्रोल मोजून गेजला कळवतो तो), गडद निळी लाइटची. जॉन्सन-एविनरूडच्या जुन्या मोटरींवर पण टॅकची वायर राखाडीच असते. आणि या किटच्या हार्नेसमध्ये, म्हणजे तयार वायरींच्या जुडग्यात, लाल, पिवळी, हिरवी! अरे हिरवी बोटीत बॉन्डिंगला, म्हणजे धातूचे भाग एकमेकांना अर्थ करायला वापरतात, उद्या दुसरा कोणी डॅश उघडेल तर त्याने काय समजायचं? मी तो हार्नेस सरळ बाजूला ठेवला. तसा माझ्या डॅशखाली आधीच्या मालकाने पण चिकटपट्टीचा कारखाना काढलेला होता, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक वायर मल्टिमीटरने बघितली, चावी ऑन तेव्हा १२ व्होल्ट आणि ऑफ केल्यावर शून्य ती आपली, बाकीच्यांना हात नाही लावला. मग टिन केलेली (कथिलाचा थर दिलेली) १६ गेज जाडीची तांब्याची वायर आणली, जांभळी एका मीटरवरून दुसऱ्यावर उडी मारत नेली, काळीचं पण तसंच. सोबत आलेले लग (वायरीच्या टोकाला लावायचे धातूचे तुकडे) पातळ आहेत, ते वापरू नका, चांगले घ्या, नीट क्रिम्प करा म्हणजे पक्कडीने दाबून बसवा आणि वरून हीटश्रिंक, गरम केल्यावर आवळणारी नळी. सोल्डर करायचा मोह होतो, पण सोल्डरजवळ वायर कडक होते आणि मोटरच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

सगळं जोडलं, मोटर चालू केली, टॅकचा काटा शून्यावर. ढिम्म. एक स्टारवाला रिव्ह्यू तेव्हाचा.

मग लक्षात आलं की व्होल्टमीटर १२.३ दाखवतोय आणि मोटर कितीही पळवली तरी १२.३ च. म्हणजे चार्जिंगच होत नाहीये! अशा मोटरवर टॅकला सिग्नल स्पार्कमधून नाही येत, चार्जिंगच्या कॉइलमधून येतो, फ्लायव्हीलच्या आत मॅग्नेट फिरतात, खालच्या स्टेटरमध्ये, म्हणजे त्या स्थिर कॉइल्समध्ये, पल्स तयार होतात आणि राखाडी वायर रेक्टिफायरपाशी (एसी करंटचा बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) त्याच लाइनला जोडलेली असते. रेक्टिफायर गेला की बॅटरी पण उपाशी आणि टॅक पण मुका. कव्हर काढून डायोड टेस्ट केली तर आतला एक डायोड दोन्ही बाजूंनी करंट सोडत होता, सोडायला हवा एकाच बाजूने. चालू मोटरवर बॅटरीची वायर निघाली की हेच होतं, आणि मागच्या सीझनला माझं एक टर्मिनल ढिलं होतं हे मला पक्कं आठवतंय, त्यामुळे गप्प बसलो. नवीन रेक्टिफायर लावल्यावर काटा उठला आणि व्होल्टमीटर पण चौदाच्या आसपास गेला. यात व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नाहीये म्हणून जास्त आरपीएमला पंधराच्या वर जातो, ज्यांची बॅटरी सीलबंद आहे त्यांनी हे बघून घ्या.

पण काटा उठला म्हणजे खरं बोलायला लागला असं नाही. आयडलला, म्हणजे मोटर गिअरशिवाय हळू चालू असताना, १२०० दाखवायला लागला, कानाला तर आठशेच्या वर वाटत नव्हती. टॅकच्या मागे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा स्विच आहे, ४, ५, ६, म्हणजे एका फेऱ्याला किती पल्स. माझा स्टेटर १२ पोलचा, म्हणजे ६ पल्स, आणि स्विच आला होता ४ वर. मग दीडपटच दाखवणार ना! सहावर केला तर आठशे. याबद्दल कागदावर एक अक्षर नाही, आणि हीच चूक कोणी उलटी केली, म्हणजे मोटर ५ पल्सची आणि स्विच ६ वर, तर ५००० ला ४१६७ च्या आसपास दिसेल आणि माणूस उगाच प्रोपेलर बदलत बसेल. जाता जाता, तो स्विच दोन-चार वेळा मागेपुढे फिरवून मग जागेवर सोडा, आतला कॉन्टॅक्ट साफ होतो.

फ्युएल गेजची वेगळीच गंमत. टाकी काठोकाठ भरली तर काटा खाली, पेट्रोल संपत आलं तर काटा वर, असा दोन दिवस बघत होतो. माझा सेंडर अमेरिकन पद्धतीचा, रिकामी २४० ओहम आणि भरलेली ३३, आणि गेज आलेला युरोपियन, रिकामी १० भरलेली १८०. विकणाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिला, त्याबद्दल मार्क. नवीन आल्यावर आधी गुलाबी वायर काढून बघितली, काटा रिकामीवर, मग ती अर्थला टेकवली, काटा फुलवर, म्हणजे गेज ठीक. ऑर्डर करताना ओहम विचारा, एवढं केलंत तरी खूप.

वॉटर प्रेशरला वायर लागते ती फक्त लाइटची, बाकी ब्लॉकमधून येणारी बारीक प्लास्टिकची नळी. पहिल्यांदा जॉइंट गळला, नळीचं टोक ब्लेडने सरळ कापून परत बसवलं मग थांबला. चारांत मला हा सगळ्यात आवडला. आयडलला काटा जेमतेम हलतो, वेग घेतला की वर चढतो, आणि इंपेलर (मोटर थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) दमायला लागला तर मोटरच्या मागच्या भोकातून त्या पाण्याची पिचकारी उडत असतानाच इथे कमी दिसेल. काही जण विचारतात ऑइल प्रेशरचा गेज का नाही, अहो टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, प्रेशर कशाचं मोजणार.

अर्धा स्टार लाइटचा कापला. पांढरी आहे आणि इतकी प्रखर की अंधारात पुढचं पाणीच दिसत नाही, सध्या निळ्या वायरवर एक रेझिस्टर टाकलाय.