थंडरबर्ड हे मेलचं ॲप मोबाईलवर वापरल्यानंतरचा अनुभव (सर्टिफिकेटच्या वॉर्निंगने वैतागलेल्यांनी वाचाच)

उन्हाळ्यात फोनवर टाकलं, आता ऊसतोड सुरू झालीय, म्हणजे चांगलं वापरून झालंय. आमचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, मेल स्वतःच्या डोमेनवर, होस्टिंग शेअर्ड (म्हणजे एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांचं). ड्रॉइंग, पीओ (परचेस ऑर्डर) सगळं मेलवरच येतं, त्यामुळं मेल अडकला की काम अडकलंच. के-नाइन मेल हे जुनं मेल ॲप वापरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, 2024 च्या ऑक्टोबरात त्यातूनच हे आलंय.

मला सगळ्यात काय आवडलं तर सर्टिफिकेटची (म्हणजे मेल सर्व्हरच्या ओळखपत्राची) वॉर्निंग. आधीच्या ॲपमध्ये नुसतं 'सर्टिफिकेट एरर' यायचं आणि होस्टिंगवाल्यांना फोन लावला की 'ॲक्सेप्ट करा की हो, काय होत नाही'. इथं ॲडव्हान्स्ड दाबलं की सर्टिफिकेट कुठल्या नावाचं आहे, कधी संपतंय सगळं दिसतं. आपण सर्व्हर म्हणून 'मेल डॉट आपलं डोमेन' टाकतो आणि सर्टिफिकेट असतं होस्टिंगच्या मेन सर्व्हरच्या नावाचं, म्हणजे आधारवर एक नाव नि पासबुकावर दुसरं, मग फोन अडवणारच.

सर्टिफिकेटवरचं नाव होस्टिंगच्या पॅनेलमधल्या सर्व्हरच्या नावाशी जुळतंय का बघा, जुळलं तरच सेटिंगमध्ये टाका. इनकमिंगला पोर्ट 993, आउटगोइंगला 465, दोन्हीकडं सिक्युरिटीला एसएसएल/टीएलएस निवडा (आउटगोइंगला 587 असेल तर स्टार्टटीएलएस). आउटगोइंगचं नाव बदलायचं बऱ्याच जणांचं राहतं, मग मेल येतोय पण कोटेशन आउटबॉक्समध्येच पडून.

ॲक्सेप्ट मात्र दाबू नका, हे कळकळीनं सांगतोय. ॲप तेवढं एकच सर्टिफिकेट लक्षात ठेवतं आणि लेट्स एन्क्रिप्टचं (ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, रिन्यू झालं की वॉर्निंग परत हजर, आणि एकदा न वाचता दाबायची सवय लागली की लॉजच्या वायफायवर मध्ये कुणी खोटं सर्टिफिकेट पुढं केलं तरी हात तिथंच जाणार, पासवर्ड गेला!

भावाच्या आयफोनवर साध्या मेल ॲपमध्ये पण सर्व्हरची ओळख पटत नाही म्हणून यायचं, तिथंही नाव बदलल्यावर थांबलं.

तक्रार एकच, बॅटरी सेव्हर चालू असला की मेल उशिरा येतो, ॲपला अनरिस्ट्रिक्टेड करून ठेवावं लागतं.

आणि नाव, तारीख सगळं बरोबर असून जुन्या फोनवर एरर येत असेल तर अँड्रॉइड व्हर्जन बघा. 7.1.1 च्या आधीच्या फोनमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं आताचं रूट सर्टिफिकेटच (ज्याच्यावरनं फोन बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतो ते मूळ) नाही. आमच्या स्टोअरमधल्या फोनचं हेच झालंवतं, त्यांना आता मेल कॉम्प्युटरवर बघायला लावलाय.