तटतटलेली कास बघून शेळ्या घेतल्या, त्याची गोष्ट

स्टीलच्या मापात दोन लिटर शंभर मिली दूध मी माझ्या डोळ्यांनी मोजलेलं. एका शेळीचं, एका धारेचं. त्यामुळं पुढं कितीतरी दिवस ‘आपल्याला फसवलं’ हे तोंडातून निघेना. माप बरोबर होतं. दुधात पाणी नव्हतं. आलं ते सगळं त्याच शेळीच्या कासेतून, माझ्यासमोर.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात. अडीच एकर रान, त्यात ज्वारी आणि तूर, बांधाला शेवरी आणि सुबाभूळ. मालक, म्हणजे आमचे यजमान, चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातात, शेरडांचं सगळं माझ्याकडं आणि आत्यांकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं. पाच उस्मानाबादी होत्या, काळ्याभोर. ही आपल्याच भागातली जात. जुळी करडं देते, उन्हाला जुमानत नाही, पण दूध म्हणाल तर दिवसाला अर्धा-एक लिटर. करडं पिऊन उरलं तर घरच्या चहाला.

मग एका पावसाळ्यात डेंगीची साथ आली आणि सोलापुरातून लोक गाड्या घेऊन शेळीचं दूध शोधत यायला लागले. पेशी वाढतात म्हणे. डॉक्टर म्हणतात त्याला काही आधार नाही, आणि मी घेणाऱ्याला तसं सांगायचीही. तरी लोक २०० रुपये लिटरनं न्यायचे. त्या दोन महिन्यांत दुधाच्या शेळ्यांचं खूळ डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. बचत गटातून ४०,००० उचलले, थोडे घरचे होते.

मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला, शेजारच्या जिल्ह्यातला. सानेन क्रॉस, दुसरं वेत म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, व्याल्याला पंधरा दिवस, दिवसाला चार लिटर. सानेन ही मूळची स्वित्झर्लंडची शेळी, पांढरीशुभ्र, उभ्या कानांची, दुधासाठी जगभर पाळतात. तिची नाजूक कातडी आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात कशी तगणार, हा प्रश्नसुद्धा मला तेव्हा पडला नाही. फोन लावला.

‘वहिनी, सकाळी येऊ नका. आमची सकाळची धार पहाटेच होती. चारला या, तुमच्यापुढं काढून दावतो.’

मला वाटलं, किती सरळ माणूस आहे.

निघताना आत्या उंबऱ्यातून म्हणाल्या, ‘रातीला तितंच थांबा. सांजची धार बघायची, सकाळची बघायची, मग पैसं काढायचं.’ त्यांचा हा जुना नेम. पण टेम्पोवाला मुक्कामाचे दीड हजार जादा मागत होता. ते दीड हजार मी वाचवले.

दावणीला दोन पांढऱ्या शेळ्या. कासा अशा तटतटलेल्या की कातडी चकाकत होती आणि सड दोन्ही बाजूंना फाकलेले. एक तर मागचे पाय फेंगडे टाकत चालत होती. मी मनात म्हटलं, दुधाच्या वज्जानं हिला चालवेना. तिला दुखत होतं, हे आता कळतं. कान मात्र लोंबते होते. ‘क्रॉस आहे ना, कानानं आईवर गेली,’ तो म्हणाला. शेजारी चार करडं बागडत होती, गोजिरवाणी, पंधरा-वीस दिवसांचीच. त्यातलं एक कासेला गेलं, तर शेळीनं मान वळवली, त्याची शेपटी हुंगली आणि डोक्यानं लांब उडवलं.

‘नवीन माणसं बघून बिथरली.’

वीस वर्षं शेरडांत काढली मी. शेळी आपलं करडू वासावर ओळखते आणि परक्याला कासेला लागू देत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या घडीला माझं सगळं लक्ष मापाकडं. धार सुरू झाली, फेस चढत गेला, दोन लिटरची खूण ओलांडली. एका धारेला दोन, म्हणजे दिवसाला चार. हा गुणाकार त्यानं केला नाही, मीच केला.

एकीचे २७,००० प्रमाणे दोघींचे ५४,०००. करडं ‘वहिनींसाठी फुकट’. दहा हजार फोनवरून टाकले, बाकी रोख. फोनवर पैसे जाताना नाव भलतंच आलं. ‘भावाचं खातं हाय.’ बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी धार काढली, तर एकीचं साडेचारशे मिली, दुसरीचं त्याहून कमी. फोन केला. ‘प्रवासाचा ताण असतोय वहिनी, आठ दिवस द्या.’ मेख इथंच आहे. गाडीतून आणलेलं जनावर खरंच चार-आठ दिवस दूध चोरतं. त्याचं बोलणं खोटं पाडायला माझ्याकडं काही नव्हतं. मेथी घास, मक्याचा भरडा, सरकी पेंड, जे घरच्यांना कधी घातलं नाही ते ह्यांच्यापुढं टाकलं. आठ दिवसांनी एक सव्वा लिटरवर येऊन थांबली, दुसरी पाऊण लिटरवर. दिवसाचं, दोन्ही वेळचं मिळून.

त्याच्या आधीच, तिसऱ्या दिवशी, कोमट पाण्यानं सड धुताना बोटाला चिकट लागलं होतं. सडाच्या टोकाला राखाडी कडं. नव्या भांड्यावरचा कागद ओढून काढल्यावर जो डिंक मागं राहतो ना, तसं. नखानं खरवडलं तर वळी निघाली. आत्यांना हाक मारली. त्या वाकल्या, दोघींचे मिळून चारही सड एकेक करून बघितले आणि तिथंच मटकन बसल्या.

‘चिकटपट्टी लावल्याली गं. तुंबवल्यात शेरडं.’

मग सगळं उलगडलं. सडांना पट्टी लावली की करडू ओढू शकत नाही आणि कास गच्च झाली तरी दूध गळत नाही. दीड-दोन दिवस अशी ठेवायची आणि गिऱ्हाईक यायच्या आधी पट्टी काढायची. आम्ही गेलो त्याच्या पहाटे तिथं धार झालीच नव्हती. ‘सकाळी येऊ नका’ त्यासाठी होतं. दोन लिटर शंभर मिली हे एका धारेचं नव्हे, जवळजवळ दोन दिवसांचं दूध होतं.

करडं त्यांची नव्हतीच. ती रात्रभर ओरडायची आणि ह्या दोघी ढुंकून बघायच्या नाहीत. शेवटी बाटलीनं पाजायला लागलो, म्हणजे निघत होतं तेही दूध त्यांच्याच पोटात. एक तिसऱ्या रात्री गेलं.

बाराव्या दिवशी मोठीची उजवी कास गरम आणि कडक लागली. धारेत पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गुठळ्या. दगडी, म्हणजे कासेचा दाह. दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी कास बघायच्या आधी तोंड उघडलं. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. साधारण वर्ष-दीड वर्षात पहिली जोडी पालटते आणि चार वर्षांच्या आसपास आठही पालटून तोंड जुळतं. दुसऱ्या वेताची म्हणून घेतलेल्या हिचे आठही पालटून, झिजून बारीक झालेले, एक पडलेला. ‘ताई, ही म्हातारी हाय,’ डॉक्टर म्हणाले, ‘आणि व्यायला चार-पाच महिने तरी झालेत.’ ताज्या वेतात दूध पहिल्या महिना-दोन महिन्यांत चढतं, मग उतरत जातं. म्हणजे आठ दिवस वाट बघण्यात काही अर्थच नव्हता. कास तुंबवून ठेवली की आत जंतूंना फावतं, असंही ते म्हणाले. सडात ट्यूब, इंजेक्शनं, तेवढ्या दिवसांचं दूध खड्ड्यात. तरी उजवी बाजू गेलीच.

आणखी एक चूक निव्वळ माझी. नवीन जनावर तीन आठवडे तरी वेगळं बांधायचं असतं. मी हौसेनं एकाच गोठ्यात घेतलं. आणलेल्या करडांच्या ओठांवर मावा होता, म्हणजे तोंडाचा लागणारा रोग, बारीक खपल्या, मी त्याला चाऱ्याचं ओरखडणं समजले. पंधरा दिवसांत माझ्या उस्मानाबादीच्या दोन्ही करडांची तोंडं भरली, पिता येईना. मावा माणसालाही होतो. माझ्या अंगठ्यावर टपोरा फोड आला तो महिनाभर होता, आणि त्याच अंगठ्यानं धारा काढायच्या.

तोवर विकणाऱ्याचा फोन बंद. मालक चौकीत अर्ज द्यायला गेले तेव्हा पावती मागितली. पावती म्हणजे वहीचं पान, त्यावर ‘दोन शेळ्या पांढऱ्या, ५४,००० मिळाले’ आणि खाली वाचता न येणारी सही. कानात बिल्ला नव्हता, एकीच्या कानाला फाटलेलं भोक तेवढं होतं. बारा अंकी बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करायची नाही, असा राज्याचा आदेश २०२४ पासून आहे. विमाही त्या नंबराशिवाय होत नाही. पावतीवर तो नंबर, वेत आणि व्यायची तारीख असती, तर निदान भांडायला जागा राहिली असती.

तुम्ही कुणी घ्यायला निघाला असाल तर भरलेली कास बघून भुलू नका, रिकामी बघा. शेवटच्या थेंबापर्यंत धार काढायला लावा आणि मग हात लावा. दुधाळ शेळीची कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, चिमटीत सुरकुत्या येतात. माझ्या दोघींची धार झाल्यावरही मांसाच्या गोळ्यासारखी भरीव राहायची. आणि बारा तासांनी तिथंच दुसरी धार. विकणारा मुक्कामाला नको म्हणाला तर टेम्पो रिकामा आणा. करडू तुमच्यादेखत पोटभर पिऊ द्या. पाजत नसेल तर ते तिचं नाही, मग तो माणूस काहीही सांगो. पांढऱ्या रंगाला फार भाव देऊ नका, गावठी शेरडंही पांढरी असतात. सरकारी शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आपल्या जिल्ह्यातच आहे, सांगोला तालुक्यात महूदला. जातिवंत जनावराबद्दल मी आधी तिथं विचारायला हवं होतं. एवढं जवळ असून मी मोबाईलवर शोधत बसले.

मोठीला सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी गावातला एक दलाल घरी आला. शेळी फिरवून बघितली आणि आवाज उतरवून म्हणाला, ‘वहिनी, आज धार काढू नका. उद्या दुपारपर्यंत तशीच राहू द्या, बारा हजाराला मरण नाही.’ मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, आकडा डोक्यात घुमत होता, गटाचा हप्ता तोंडावर होता. रविवारी पहाटे उठले तर गोठ्यात दिवा. आत्या बसून धार काढत होत्या, डाव्या सडाची. उजव्यातून तर काही येतच नव्हतं. बाजारात त्यांनीच घेणाऱ्याला सांगितलं, एका सडाची हाय, दात गेल्यात. ५,८०० आले.

दुसरी अजून आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून पाऊण लिटर.