कुर्ल्याचं दुकान, सहा झेब्रा लोच आणि माझ्या गोगलगायी

माशांची टाकी मुळात मुलाची. बारावीनंतरच्या सुट्टीत हट्टाने तीन फुटी घेतली आणि पुण्याला हॉस्टेलवर जाताना "आई, फक्त खायला घालत जा" म्हणून माझ्या गळ्यात घातली. आता तो सुट्टीला आला तरी मी त्याला पाण्यात हात घालू देत नाही.

गेल्या पावसाळ्यात व्हॅलिसनेरियाची चार रोपं आणली. पानाच्या मागे जेलीचा ठिपका होता, म्हणजे गोगलगायीची अंडी, मी दुर्लक्ष केलं. दोन महिन्यांत काचेवर, हीटरवर, अनुबियासच्या पानांवर गोगलगायीच गोगलगायी. रात्री काकडीची चकती टाकायची, सकाळी चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलायची, असं महिनाभर केलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, मोजायची सवय आहे. एका चकतीवर ४३ मोजल्या आणि त्याच रविवारी डोंबिवलीहून कुर्ल्याला गेले.

कुर्ल्याच्या अ‍ॅक्वेरियम मार्केटमध्ये दुकानं पुष्कळ. बहुतेक ठिकाणी 'काय पाहिजे' विचारतात आणि पिशवी भरतात. हे दुकान गल्लीच्या आतल्या बाजूला, जेमतेम आठ फूट रुंद, चालताना साडी भिजते. दुकानदार चाचांकडे मी गोगलगायी खायला कूली लोच मागितले, ते गांडुळासारखे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यांनी पहिला प्रश्न केला, "किसलिए?" गोगलगायींसाठी म्हटल्यावर हसले. "वो तो दिनभर सोएगा, ताई. घोंघा नहीं खाएगा." मग झेब्रा लोच दाखवले. बोटाच्या दोन पेरांएवढे, पिवळसर अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाशी मिशा.

मी म्हटलं, एक द्या, बघते. "एक नहीं दूँगा." हा मासा टोळीने राहतो, एकटा ठेवला तर दगडामागे बसून राहतो किंवा दुसऱ्यांना टोचत बसतो, कमीत कमी पाच घ्या, असं त्यांचं म्हणणं. आधी वाटलं, विकायची युक्ती. मग त्यांनी टाकी केवढी, खाली वाळू की खडी, सुरू करून किती दिवस झाले, हे सगळं विचारलं. धारदार खडीत यांच्या मिशा झिजतात म्हणे. माझ्याकडे बारीक वाळू आहे हे ऐकल्यावरच डबा उचलला. हो, डबा. जाळी नाही. या माशाच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो आणि जाळीत अडकून बसतो. चाचांनी पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक मासा त्यात हाकलला. एकाही माशाला हात लागला नाही. एवढ्यासाठीच मी या दुकानाला पाचातले चार द्यायला तयार आहे.

सहा घेतले, ₹१,००० ला. ऑक्सिजन भरलेली पिशवी, वर वर्तमानपत्र, स्लो लोकलने घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वाळूवर आडवा, मेल्यासारखा. चमच्याने उचलायला गेले तर सुळकन पळाला. हे असेच झोपतात, कुशीवर. पण पाचव्या दिवशी दोघांच्या अंगावर खरंच पांढरे ठिपके उठले. फोन केला. यांचे खवले नसल्यासारखेच, म्हणून औषध अर्धंच टाका, तापमान हळूहळू ३० वर न्या, हवेचा पंप चालू ठेवा, असं चाचांनी नीट सांगितलं. सहाही वाचले. तरी तक्रार आहेच. माल त्याच आठवड्यात उतरला होता आणि हे त्यांनी मी विचारल्यावर कबूल केलं. आधी सांगायला काय झालं होतं?

दुसरी तक्रार मोठी. माझ्याकडे वीसेक लाल चेरी कोळंब्या होत्या. टाकीत आणखी काय आहे, हे मात्र चाचांनी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. आज दोन आहेत, त्याही जावा फर्नच्या मुळांत लपलेल्या. रासबोरा आणि चेरी बार्ब या माझ्या दुसऱ्या माशांना मात्र लोचनी कधी त्रास दिला नाही.

गोगलगायींचं काम चोख झालं. रात्री दिवा बंद करून टॉर्च लावला तर दिसतं: लोच शंखाच्या तोंडाशी नाक खुपसतो, अंगाला हिसका देतो आणि आतलं ओढून घेतो. कधी कधी टक् असा आवाज काचेबाहेर ऐकू येतो. सहा आठवड्यांत वाळूवर नुसते रिकामे शंख उरले. आता लोचना खायला बुडणाऱ्या गोळ्या आणि गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, घालते.

मुलाने शास्त्रीय नाव शोधून दिलं, बोटिया स्ट्रायाटा. सह्याद्रीतल्या नद्यांचा, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. १९५६ साली यातल्या एका प्रकाराला शास्त्रज्ञांनी चक्क 'कोल्हापुरेन्सिस' नाव दिलं होतं. मी कोल्हापूरची! आणि आता हा मासा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, 'धोक्यात' या वर्गात आहे. पुढच्या फेरीला चाचांना विचारलं, हे तळ्यात वाढवलेले की नदीतून पकडलेले? "पार्टी भेजती है," एवढंच. हे उत्तर मला पटलेलं नाही. त्यांना कळेपर्यंत आणखी घेणार नाही, असं तोंडावर सांगून आले. चाचा म्हणाले, पूछता हूँ.

भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन, "अगं, लहानपणी पंचगंगेत टॉवेलात असले पट्ट्यांचे सापडायचे की. तू ह्याला पैसे दिलीस?"

जाणार असाल तर माल कधी उतरला ते आधी विचारा आणि आठवडाभर थांबून घ्या. सुट्टे पैसे न्या. आणि साडी नेसून जाऊ नका.