पाठ गेली आणि 35 हजारांत सहीही गेली

14 मार्च 2022 रोजी भिवंडीतल्या एका गोदामात 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकमधून उतरताना फळी सरकली आणि मी गोणीखाली आलो. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली. शस्त्रक्रियेनंतरही डाव्या पायाचा पंजा आज नीट उचलत नाही.

रुग्णालयात केसपेपर लिहिणाऱ्याने 'कसा पडला?' असे विचारताच मुकादम म्हणाला, 'घरी, जिन्यावरून.' मी ते स्पष्ट ऐकले आणि गप्प बसलो, कारण अनामत रकमेचे 5,000 रुपये तोच भरत होता. केसपेपरवर अपघाताची जागा काय लिहिली आहे, ते त्याच दिवशी वाचून घ्या.

अडीच महिन्यांनी, घरात भाडे थकलेले असताना, 'कामगार सल्लागार' म्हणवणारे एक गृहस्थ घरी आले. कामगार खात्यात आपली रोजची ऊठबस आहे, चार दिवसांत पैसे मिळवून देतो, असे त्यांनी सांगितले. चौथ्या दिवशी ते 100 रुपयांचा मुद्रांक घेऊन आले. मी वाचायला घेतला तेव्हा 'साहेब पाचला उठतात' म्हणून त्यांनी घाई केली. मी सही केली. मग त्यांनी पाकिटातून 35,000 रुपये काढले, त्यातले 18,500 'फी' म्हणून स्वतःकडे ठेवले आणि 16,500 माझ्या हातात दिले. त्या पाकिटावर आमच्या ठेकेदाराचे नाव छापलेले होते, आणि ते मी वाचलेही होते. माझ्या बाजूने भांडायला आलेल्या माणसाकडे ठेकेदाराच्या कचेरीतले पाकीट कसे, एवढा साधा प्रश्न बारावी शिकलेल्या मला त्या क्षणी पडला नाही, याची लाज मला पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त वाटते. कोणी मूर्ख म्हणेल, म्हणो. अडीच महिने कमाई नसलेल्या घरात नोटा मोजल्या जात असताना पाकिटाकडे कोण बघतो?

'सर्व हिशेब मिटला, पुढे कोणतीही मागणी करणार नाही' असे त्या मुद्रांकावर होते. नंतर एका वकीलबाईंनी समजावले, की तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल ठरतो, तडजोड झालीच तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि ठेकेदाराने हात वर केले तरी कलम 12 खाली काम ठेक्याने देणाऱ्या मूळ मालकावर जबाबदारी येते. आमच्या गोदामाला कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू नव्हती, म्हणून हीच वाट होती. ती लागू असेल तर मार्ग वेगळा असतो. माझी मजुरी महिना 14,000, वय 35, कमाईची क्षमता 30 टक्के गेल्याचा दाखला. म्हणजे मजुरीचे 60 टक्के, 8,400 रुपये, गुणिले 197.06 (माझ्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा), आणि त्याचे 30 टक्के: 4,96,591 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. मी 16,500 घेऊन त्या माणसाला चहा पाजला होता.

पोलीस ठाण्यात 'सही तुमचीच ना? मग हे दिवाणी प्रकरण' म्हणून तक्रार घेतली नाही. कामगार कार्यालयात पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने हजेरीपट मागितला, आणि हजेरीपट तर मुकादमाच्या वहीत! तिसऱ्या खेपेला 'घरी पडलात असे कागद सांगतो' हे ऐकवले गेले. काठी टेकत चार मजले चढून गेल्यावर साहेब दौऱ्यावर असल्याचे कळणे, हे तर सहा वेळा झाले. त्या सल्लागाराला मात्र त्याच वऱ्हांड्यात शिपाई नमस्कार करताना मी पाहिला. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. माझे पहिले दोन अर्ज पोच नसल्यामुळे 'आलेच नाहीत'.

दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करावा लागतो, हे कोणत्याही टेबलाने सांगितले नाही. शेवटी वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नोंदी असलेली टोळीची जुनी वही आणि माझ्याबरोबर गोणी उतरवणाऱ्या दोघांचे जबाब जोडून, मुदत संपायला 11 दिवस उरले असताना दावा दाखल झाला. त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच आठवड्यात कामावरून काढले. ठेकेदाराच्या वकिलाने पहिल्या तारखेला तोच केसपेपर आणि तोच मुद्रांक हजर केला.