नाश्त्याच्या टेबलाशेजारची खिडकी: अर्धा पडदा की रोलर ब्लाइंड?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून नवी मुंबईतल्या ऐरोली-खारघरच्या फ्लॅटांपर्यंत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोन-तीन माणसांचं टेबल हौसेने टाकलं जातं. मग खिडकीला काय लावायचं यावर घरात आठवडाभर चर्चा. हॉलच्या पडद्यांचं उरलेलं कापड तिथे लावून मोकळं होणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात वाईटही. ते बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, जवळच गॅस पेटलेला असतो, आणि पॉलिएस्टर तापलं की वितळून चिकटतं.

खरी निवड दोनच गोष्टींत आहे: खिडकीचा फक्त खालचा अर्धा भाग झाकणारा सुती अर्धा पडदा, आणि साखळी ओढली की वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा सपाट रोलर ब्लाइंड. माझा कौल बहुतेक घरांत पडद्याला. सगळ्या घरांत नाही.

आधी फोडणी. चिमणी असली तरी तेलाची वाफ खिडकीकडे जातेच. पडद्याची ओट्याकडची कड आधी पिवळी पडते, मग हाताला चिकट लागते. तो रॉडवरून ओढून काढायचा आणि गरम पाण्यात साबण घालून भिजवायचा, एवढंच. दोन जोड शिवून घेतले की पावसाळ्यात वाळायची घाईही नाही. रोलर असा धुता येत नाही. त्यावर विनाइलचा थर असेल तर ओल्या फडक्याने पुसून निघतो, साध्या कापडाचा असेल तर तेलाचा डाग कायमचा. पुसताना सगळे विसरतात ती बाजूची मण्यांची साखळी. तिच्यावर तेल आणि धूळ मिळून काळा थर बसतो आणि वर ओढणाऱ्याच्या हाताला लागतो. रस्त्याचं किंवा मेट्रोचं काम चालू असलेल्या भागात तर हे फार लवकर होतं.

ऊन हा रोलरचा प्रांत. पूर्वेच्या खिडकीत जानेवारीत सकाळी आठ-साडेआठला सूर्य इतका खाली असतो की बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरचं ऊन अर्धा पडदा अडवतो. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, साडेआठपर्यंत बराच वर येतो आणि ऊन पडद्यावरच्या मोकळ्या काचेतून सरळ ताटात उतरतं. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळचा चहा घेणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. अशा घरी रोलरच घ्या, पण पूर्ण काळोख करणारा नको, जाळीदार विणीचा घ्या. ऊन मरतं आणि बाहेरचं थोडं दिसत राहतं.

समोरच्या विंगचा प्रश्नही पाहून ठेवा. समोरचे लोक तुमच्याच मजल्यावर किंवा खाली असतील तर अर्धा पडदा पुरतो. वरच्या मजल्यांवरून मात्र नजर पडद्यावरून तिरकी आत येते आणि रात्री दिवा लावला की टेबलावर काय वाढलंय तेसुद्धा दिसतं. जाळीचा रोलर रात्री उलटा वागतो: आत उजेड, बाहेर अंधार, म्हणजे बाहेरच्यांना सगळं दिसणार. वरच्या काचांना दुधी फिल्म लावून घ्या आणि खाली अर्धा पडदा, हे स्वस्तातलं उत्तर दोन्हीपेक्षा बरं.

वाऱ्याचं तर विचारूच नका. खाडीकडच्या वरच्या मजल्यांवर जुलैत खिडकी उघडली की रोलरची खालची पट्टी चौकटीवर खडखडत राहते, शेवटी माणूस तो गुंडाळूनच टाकतो. पडदा उडतो, भिजतो, पण आवाज करत नाही. हवा खेळणं हाही पडद्याच्या बाजूचा मुद्दा: पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो, त्यामुळे खिडकीचा वरचा भाग उघडा असलेला बरा. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो, तिथे हा फायदा नाही.

बाकीच्यांना फार वेळ द्यायला नको. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्लाइंड दिसायला छान, पण तेलकट पट्टी न् पट्टी पुसणार कोण? झेब्रा ब्लाइंडचं, म्हणजे एकाआड एक जाड आणि जाळीदार पट्ट्यांचं, कापड नाजूक. घड्या पडत वर जाणाऱ्या रोमन ब्लाइंडच्या घड्यांत तेल आणि धूळ दोन्ही साचतात. बांबूची चिक बाल्कनीत शोभते, इथल्या दमट पावसाळ्यात स्वयंपाकघरात तिला बुरशी धरते.

खर्चात पडदा स्वस्त: कापड मीटरवर, वर शिलाई. ब्लाइंडचा हिशेब चौरस फुटावर. कापड खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दोनपट घ्या आणि शिवायच्या आधी भिजवून वाळवा, सुती कापड आटतं. घरात लहान मूल असेल तर रोलरची साखळी भिंतीला क्लिपने घट्ट बसवून घ्या, लोंबता फास गळ्यात अडकू शकतो.

रोलर चौकटीच्या आत बसवणार असाल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सगळ्यात कमी आकडा द्या. मच्छरजाळीच्या सरकत्या दाराची मूठ पुढे किती येते तेही बघा, नळी आणि जाळी एकमेकांना घासतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं नको असतील तर स्प्रिंगचा ताणून बसणारा रॉड मिळतो. हलक्या सुती पडद्याचं वजन तो सहज पेलतो.